कृष्णाकाठचे दफ्तर

पुण्याहून महाबळेश्वरास निघालेला प्रवासी पसरणीचा घाट चढण्यापूर्वी वाईस उतरतो, तो बहुधा घटकाभरच. ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, पायऱ्यांवर उभे राहून कृष्णेचे पात्र डोळे भरून पाहावे, सवड असल्यास मेणवलीच्या वाड्यापर्यंत जाऊन यावे आणि ऊन चढायच्या आत पुढची वाट धरावी, असा त्याचा परिपाठ असतो. तेवढ्या वेळात त्याच्या नजरेस जे पडते ते सारे काळ्या पाषाणाचे असते, आणि ते पाहण्याजोगे आहे यात संशय नाही. परंतु वाईचा इतिहास जितका दगडांत आहे त्याहून अधिक तो कागदांत आहे, ही गोष्ट त्या प्रवाशास कोणी सांगत नाही, आणि ती सांगावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सह्याद्रीचा कडा उतरून धोमास येते, धोमाहून मेणवलीस आणि मेणवलीहून वाईस. पांडवगड आणि वैराटगड या नावांच्या आधाराने लोक वाईला विराटाची नगरी मानतात आणि पांडवांचा अज्ञातवास येथे घडला असे श्रद्धेने सांगतात; त्या श्रद्धेशी वाद घालण्याचे कारण नाही, पण वस्तीच्या प्राचीनतेचा अधिक भक्कम पुरावा जवळच्या लोहारे गावच्या डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांचा आहे. देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या वाटा ज्या खोऱ्यातून जातात त्या खोऱ्यात बारमाही पाणी आणि काळी जमीन असल्यावर तेथे कसबा उभा राहावा, बाजार भरावा आणि राजसत्तेचा अंमलदार येऊन बसावा, हे ओघानेच आले. आदिलशाही अमदानीत वाई हे परगण्याचे ठाणे होते, तेथील सुभ्याचा कारभार अफझलखानाकडे वर्षानुवर्षे होता, आणि १६५९ च्या पावसाळ्यात तो शिवाजीमहाराजांवर चालून आला तेव्हा छावणीसाठी त्याने आपल्या परिचयाची हीच वाई निवडली. पुढे १६८७ मध्ये सरसेनापती हंबीरराव मोहिते वाईनजीकच्याच लढाईत तोफेचा गोळा लागून पडले.

लढाया होऊन गेल्या, तंटे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालले. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळाने रायगड मोगलांच्या हवाली केला अशी कथा शेकडो वर्षे सांगितली गेली. अलीकडच्या संशोधकांना ती शंकास्पद वाटते, आणि ती खरी असो वा नसो, एका वतनासाठी माणूस काय काय करील याविषयी त्या काळाची समजूत काय होती हे तिच्यावरून उमगते. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण यांचे कज्जे परगण्याच्या ठाण्यी गोतसभेपुढे येत. मजलस भरे, वादी-प्रतिवादींच्या तकरीरा आणि कतबे लिहून घेतले जात, साक्षीमोझा होई, आणि पुरावा अपुरा पडला तर पक्षकाराने नदीच्या पाण्यात उभे राहून, आपल्या बेचाळीस पूर्वजांना स्मरून शपथक्रिया करावी असा निवाडा होई. या साऱ्याचा जो महजर तयार होई तो वाचताना एक संपूर्ण समाज आपल्यापुढे येऊन बसतो. वर शुहूर सनाचा काल, खाली हाजीर मजालसीची नावे, मग हकीकत, मग निवाडा. आणि शेवटी, ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या निशाण्या. पाटलाच्या नावापुढे नांगर, लोहारापुढे सांडस, न्हाव्यापुढे आरसा अशी ज्याच्या त्याच्या उद्योगाची हत्यारे बोरूने रेखाटलेली असतात. निवाडा राजाच्या अंमलदाराने शिक्का करून दिला तरी तो बलुतेदारांच्या या निशाण्यांवाचून पुरा होत नसे. घाट बांधणाऱ्या धनिकांची नावे शिलालेखांत शोधावी लागतात. बलुतेदार मात्र आपल्या हातच्या या खुणांनी कागदावर अजून टिकून आहेत.

खुद्द गावाची रचना नदीने केली आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा सात आळ्या, आणि प्रत्येकीचा आपला घाट. येथे घाट म्हणजे नुसत्या स्नानाच्या पायऱ्या नव्हेत. तो आळीचा सभामंडप आहे. अफझलखानाचे अरिष्ट टळले तर कृष्णाबाईचा उत्सव करीन असा नवस शेंडे शास्त्र्यांनी केला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. हिवाळा सरता सरता एकामागून एक घाटावर मांडव पडतात, त्या त्या आळीची कृष्णाबाईची मूर्ती मांडवात येते, आणि मग पूजा, कीर्तन, प्रवचन, हळदीकुंकू आणि प्रसादाच्या पंक्ती यांनी घाट गजबजून जातो. एका आळीचा उत्सव आटोपला की दुसरीची पाळी. ज्या प्रवाशास वाई खरोखर पाहायची आहे त्याने उन्हाळ्याच्या सुटीची वाट न पाहता या दिवसांत यावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता दगडाकडे वळू. वाईचे आजचे रूप मुख्यतः रास्त्यांनी घडविले. मूळचे गोखले असलेले हे कोकणस्थ घराणे सावकारीतून पुढे आले. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई १७३० मध्ये बाळाजी बाजीरावांना, म्हणजे पुढील काळातल्या नानासाहेब पेशव्यांना दिली गेली, आणि पेशव्यांचे सोयरे झालेल्या रास्त्यांच्या वाट्यास सरदारकी व सरंजाम आले. त्या द्रव्याचा मोठा भाग त्यांनी कृष्णेच्या काठी ओतला. आनंदराव भिकाजींनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देवालय बांधले, त्यातला काळ्या तुळतुळीत पाषाणाचा नंदी कारागिराच्या हाताची साक्ष आजही देतो. आणि गणपतराव भिकाजींनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचे. मूर्ती एकाच शिळेतून घडविलेली, भव्य आणि प्रसन्न आहे. पण भाविकाने समोरून दर्शन घेतल्यावर देवळाच्या मागच्या अंगास अवश्य जावे. तेथील भिंत सरळ नाही. माशाच्या आकाराने ती निमुळती होत नदीकडे गेली आहे, अशा हेतूने की पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी वाहून जावा. देऊळ नदीच्या इतके निकट बांधायचे, आणि नदीला अडवायचे नाही, वाट द्यायची, हा विचार त्या अनामिक पाथरवटांनी दगडात उतरविला, आणि अडीच शतकांच्या पुरांनी तो खरा ठरविला.

देवळाच्या या सालाजवळ मात्र मन थबकते. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले. तेथे पडलेला विश्वासराव हा गोपिकाबाईंचा थोरला मुलगा, म्हणजे गणपतराव रास्त्यांचा सख्खा भाचा. त्याच वर्षी नानासाहेबही गेले. घरावर आणि राज्यावर असा घाला पडलेला असताना दुसऱ्याच वर्षी वाईत विघ्नहर्त्याचे एवढे मोठे देवालय उभे राहते, याचा अर्थ कोणत्याही शिलालेखात कोरलेला नाही, आणि तो आपल्या पदरचा घालण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ही दोन साले शेजारी ठेवल्यावाचून ते मंदिर पाहू नये, असे मला वाटते.

पानिपताचा आणि वाईचा संबंध येथेच संपत नाही. त्या मोहिमेच्या काळातील अस्सल पत्रे वाईतच एका जुन्या घरी निघाली, ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या हाती आली, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड वाईहूनच प्रसिद्ध झाला. बखरींच्या ऐकीव हकीकती बाजूला सारून, पत्रावर पत्र ठेवून, तिथीशी तिथी ताडून इतिहास कसा लिहावा याची दीक्षा मराठी माणसास या खंडाने आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेने दिली. त्या अभ्यासाचा उदय वाईच्या एका माळ्यावर धूळ खात पडलेल्या कागदांतून झाला, याचा अभिमान या गावाने उघडपणे बाळगावा, आणि आल्यागेल्यास तो सांगावा.

मेणवलीची कथा याच जातीची आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांस दिले. नानांनी तेथे सहा चौकांचा वाडा, चंद्रकोरीच्या वळणाचा घाट आणि मेणेश्वराचे देवालय बांधले. घाटावरच्या छोट्या देवळीत जी घंटा टांगली आहे ती पोर्तुगीज देवळातली, १७०७ साल कोरलेली, वसईच्या मोहिमेत हाती आलेली म्हणून दाखवितात, आणि प्रवासी ती पाहून तृप्त होतात. वाड्याचे खरे वैभव मात्र रुमालांत बांधलेले होते. ज्या पुरुषाने चाळीसेक वर्षे मराठी राज्याची फडणिशी सांभाळली, ज्याच्या नजरेखालून सनदा, जमाखर्च, वकिलांच्या बातम्या आणि तहांचे मसुदे गेले, त्याचे दफ्तर या वाड्यात होते. नाना १८०० च्या मार्चमध्ये वारले तेव्हा त्यांची धाकटी पत्नी जिऊबाई अजून बालिका होती. दुसऱ्या बाजीरावाच्या ससेमिऱ्यातून सुटून इंग्रजांच्या तैनातीवर तिने मेणवलीत दीर्घ आयुष्य काढले आणि १८५४ मध्ये ती निवर्तली. पेशवाई बुडाली, साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि या साऱ्या उलथापालथीत वाड्यात दिवा लावणारे माणूस राहिले; दफ्तर राहिले त्याचे श्रेय मी तरी त्या बाईला देतो, मुत्सद्द्यांना नव्हे. पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते कागद संशोधकांपुढे आणले, आणि आज ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरक्षित आहेत.

सरदारांचे द्रव्य आटले की अशी गावे बहुधा ओस पडतात. वाई पडली नाही, कारण रास्त्यांच्या आश्रयाने येथे वसलेले शास्त्री आश्रय गेल्यावरही पोथ्या सोडून गेले नाहीत. त्या परंपरेत नारायणशास्त्री मराठे यांनी आपले गुरू प्रज्ञानंद सरस्वती यांच्या नावाने प्राज्ञपाठशाळा चालविली आणि १९१६ मध्ये तिला संस्थेचे रूप दिले. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा १९१७ मध्ये उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकावयास येथेच आले. पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झालेल्या नारायणशास्त्र्यांनी जुनी विद्या जुन्याच कसोशीने शिकविली, आणि तिच्यातूनच नव्या काळाला सामोरे जाण्याचे बळ शिष्यांना दिले. खानदेशातील पिंपळनेरहून आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी तर्कतीर्थ झाले, सत्याग्रहात तुरुंगात गेले, आणि १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य त्यांनीच केले. वेदशास्त्राचा आधार घेऊन अशा विवाहास आशीर्वाद देणारा पुरोहित वाईच्या पाठशाळेतून यावा, ही घटना सामान्य नव्हे.

१९३७ मध्ये त्यांच्या संपादकत्वाखाली धर्मकोशाचा पहिला भाग निघाला, तो व्यवहारकांडाचा. ऋण कोणी फेडावे, साक्ष कोणाची ग्राह्य मानावी, शिवेचा वाद कसा तोडावा, यांविषयी स्मृतिकारांची आणि टीकाकारांची वचने त्यात कालक्रमाने लावली आहेत. त्याच कृष्णेच्या काठी, तीन शतकांपूर्वी, हेच प्रश्न घेऊन नांगर आणि सांडस यांच्या निशाण्या करणारी माणसे मजलशीत बसली होती.

मराठीत विश्वकोश करण्याचे राज्याने ठरविले आणि त्याची धुरा तर्कतीर्थांवर आली, तेव्हा कचेरी मुंबईत थाटणे सर्वांच्या सोयीचे झाले असते. ती वाईस आली. जेथे विद्यापीठ नाही, अशा गावी निरनिराळ्या विषयांचे संपादक येऊन राहिले, देशभरच्या तज्ज्ञांच्या नोंदी टपालाने येऊ लागल्या, छपाईसाठी शासकीय मुद्रणालय येथेच उभे राहिले, आणि १९७६ मध्ये पहिला खंड बाहेर पडला. ज्या गंगापुरीच्या घाटावर कृष्णाबाईचा मांडव पडतो तिच्याच वस्तीत ही कचेरी आहे. तर्कतीर्थ १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागेही अकारविल्हे नोंदी लिहिल्या जात राहिल्या, तपासल्या जात राहिल्या, आणि उरलेले खंड वाईहूनच निघाले.