इब्न अल-हैसमचा भोवरा आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर

दोन वर्षांची ईदी आणि सुट्टीत मोबाइलच्या दुकानात केलेल्या कामाचे पैसे साठवून माझ्या भाच्यानं नवा मॉनिटर घेतला. जुन्या मॉनिटरवर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं, नव्यावर १४४ वेळा. याला ‘रिफ्रेश रेट’ म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. पळत्या शत्रूवर नेम धरायच्या खेळांत या आकड्याला फार भाव आहे. त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. खेळ सुरू केला आणि म्हणाला, “देखो मामू, एकदम मक्खन!” मी पाहिलं. खरंच सगळं मऊ, सलग वाटत होतं. मीही म्हणालो, “हां रे, फर्क तो है.”

तीन आठवड्यांनी त्याचा एक मित्र घरी आला. त्यानं डिस्प्लेची सेटिंग उघडली, तर तिथे आकडा होता ६०. नवा पडदा जोडला तरी संगणकानं जुनाच वेग धरून ठेवला होता. तो हातानं बदलावा लागतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तीन आठवडे भाचा ज्या मक्खनची तारीफ करत होता आणि मामू ज्याला मान डोलावत होता, ते आमच्या डोक्यातच होतं.

घरात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण एक गोष्ट मनात अडकून राहिली. त्याच आठवड्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जुना मजकूर पुन्हा फिरत आला होता. इब्न अल-हैसम या मुस्लिम शास्त्रज्ञानं कॅमेरा शोधला आणि ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला, असं त्यात होतं. हा मजकूर मी स्वतः पूर्वी पुढे पाठवला आहे. इतकंच काय, एका शाळेच्या कार्यक्रमात मुलांसमोर छाती फुगवून सांगितलाही आहे. टाळ्या मिळाल्या होत्या. जे पाहायची इच्छा होती तेच मी तिथेही पाहिलं होतं. मग मी या पडद्यावरच्या आकड्यांचा इतिहास नीट वाचायला घेतला.

आधी त्या शब्दाचा हिशेब मिटवतो. ‘कॅमेरा’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचं मूळ ग्रीकमध्ये, अर्थ कमानदार छताची खोली. अरबीत अंधाऱ्या खोलीला ‘अल-बैत अल-मुझलिम’ म्हणत. छोट्या छिद्रातून आलेल्या प्रकाशाची गंमत इब्न अल-हैसमच्या आधी ग्रीकांनी आणि चिनी लोकांनीही टिपून ठेवली होती. त्यानं केलं ते असं, की छिद्राचा आकार, अंतर आणि प्रतिमा यांचा संबंध पद्धतशीर तपासला. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणारी सूर्याची प्रतिमा कोरीसारखी का दिसते, यावर त्याचा स्वतंत्र ग्रंथ आहे. हे काम पुरेसं मोठं आहे. त्याला खोट्या व्युत्पत्तीची ठिगळं लावायची गरज नव्हती.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम इ. स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मला आणि १०४०च्या सुमारास काहिऱ्यात वारला. नाईलच्या पुराला बांध घालण्याची योजना त्यानं फातिमी खलिफा अल-हाकिमपुढे मांडली, ती जमणार नाही हे लक्षात आल्यावर खलिफाच्या रागापासून वाचण्यासाठी वेड्याचं सोंग घेतलं, अशी कथा जुने चरित्रकार सांगतात. खलिफाच्या मृत्यूनंतर तो अल-अझहरजवळ राहून ग्रंथांच्या नकला करून पोट भरायचा, असंही ते लिहितात. त्याचा सात भागांचा ‘किताब अल-मनाझिर’ अकराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला. पुढे त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि १५७२मध्ये तो युरोपात छापला गेला.

या ग्रंथात एक भोवरा आहे. मला सगळ्यात जास्त भावला तो हा भोवरा. त्याच्यावर मध्यापासून कडेपर्यंत वेगवेगळ्या रंगांच्या रेघा ओढायच्या आणि तो जोरात फिरवायचा. रेघा दिसेनाशा होतात आणि त्यातल्या कुठल्याच रंगासारखा नसलेला एकच रंग सगळीकडे दिसतो. फिरत्या रंगीत चकतीची ही गोष्ट त्याच्या आधी टॉलेमीनंही नोंदवली होती. इब्न अल-हैसमनं त्यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे : रंग ओळखायला डोळ्याला वेळ लागतो. प्रत्येक रेघ एका जागी इतका थोडा वेळ थांबते, की तिचा रंग वेगळा कळायला ती मुदत पुरत नाही.

नीट दिसण्यासाठी आठ गोष्टी योग्य प्रमाणात हव्यात, असं तो सांगतो. अंतर, स्थिती, प्रकाश, आकार, वस्तूचा घट्टपणा, मधल्या हवेचा पारदर्शीपणा, डोळ्याचं आरोग्य, आणि वेळ. यातली एक जरी प्रमाणाबाहेर गेली, तरी नजर चुकते. तो आणखी एक गोष्ट सांगतो. आपण पाहतो त्यातलं बरंचसं केवळ डोळ्याचं काम नसतं. मन आधीच्या ओळखीशी ताडून पाहतं आणि अनुमान करतं. हे इतक्या झटकन होतं, की पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या अनुमानाला तो शब्द वापरतो ‘कियास’. फिकह शिकलेल्यांना हा शब्द ओळखीचा आहे. फकीहाचा कियास तपासता येतो, कारण तो दलील मांडतो. डोळ्याचा कियास दलील न देताच फैसला सुनावतो. आमच्या मक्खनचं गुपित इथे होतं. नवा मॉनिटर, एवढे पैसे, खोक्यावर छापलेला १४४चा आकडा. कियास तयारच होता.

भोवऱ्यातला तो ‘वेळ’ पुढे लोकांनी मोजायला घेतला. १७६५मध्ये पॅट्रिक द’आर्सी यानं जळता निखारा गोल फिरवून, ठिणगीचं सलग वर्तुळ कोणत्या वेगाला दिसतं ते मोजलं. एका फेरीला सुमारे १३ शतांश सेकंद, असं त्याचं उत्तर आलं. १८३२मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लातोनं फिरत्या चकतीवर एकापुढची एक अशी चित्रं काढून ती फटीतून पाहिली आणि चित्रं हलू लागली. २८ डिसेंबर १८९५ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन चलच्चित्रं दाखवली. सातच महिन्यांत, ७ जुलै १८९६ला, तीच मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली. त्यांचा वेग सेकंदाला साधारण १६ चित्रांचा होता.

मूकपटाचा वेग हँडल फिरवणाऱ्याच्या हातात असे. तो कमीजास्त झाला तरी चालून जायचं. आवाज आला आणि ती मोकळीक संपली. वेग जरा हलला तरी गाणाऱ्याचा सूर हलतो, आणि वेग फार कमी ठेवला तर आवाज खराब येतो. फिल्मची किंमत आणि आवाजाचा दर्जा यांच्यातली तडजोड म्हणून २४ हा आकडा ठरला. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, वझीर मोहम्मद खान यांनी त्यात फकिराचं गाणं गायलं, तो याच बदलाचा काळ. ‘माणसाचा डोळा २४ चित्रंच पाहू शकतो’ असं आजही ऐकू येतं, ते चूक आहे. २४ प्रकाशझोत डोळ्याला लुकलुकताना स्पष्ट कळतात. म्हणून तर प्रोजेक्टरची पाती एकेक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवत आणि पडद्यावर ४८ किंवा ७२ झोत पडत.

६०चा आकडा विजेच्या तारेतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं सेकंदाला ६० आवर्तनांची वीज निवडली, जर्मनीत एईजीनं ५०ची. पुढे टीव्ही आला तेव्हा पडद्याचा वेग विजेच्या वेगाशी जुळवून ठेवला गेला, कारण तो वेगळा असला तर चित्रावरून काळपट पट्टा सरकत राही. म्हणून अमेरिकेचा टीव्ही ६०चा आणि १९३६मध्ये सुरू झालेला बीबीसीचा ५०चा. आपली वीजही ५० आवर्तनांची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, ते ५०वरच. त्यातही प्रत्येक फेरीत अर्ध्याच ओळी रंगवल्या जात, पूर्ण चित्रं होत २५. आमच्या मोहल्ल्यात काही बुजुर्ग टीव्हीला शैतानाचा डबा म्हणत आणि रविवारी सकाळी त्याच डब्यासमोर बसायला जागा मिळत नसे. आम्ही पाहत होतो त्या चित्राचा ठोका विजेच्या खांबावर ठरलेला होता, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

संगणकाच्या जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये एक किरण पडद्यावर ओळीमागून ओळ चमकवत जायचा आणि चमक लगेच विझायची. ६० हर्ट्झवर ही उघडझाप जाणवायची. सायबर कॅफेत दोन तास बसलं की कपाळ ठणकायचं, ते यामुळेच. जाणकार पोरं आकडा ७५ किंवा ८५ करून घेत. मग सपाट एलसीडी आले. त्यांत पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच टिकून राहतं. उघडझाप गेली, त्यामुळे सगळे पुन्हा ६०वर स्थिरावले. पण एक नवा दोष आला. पळत्या वस्तूमागे आपली नजर सलग सरकते आणि चित्र मात्र सेकंदाचा साठावा भाग जागीच उभं असतं. त्यामुळे वस्तूची कड पुसट होते. पूर्वी चित्राला वेळ कमी पडत होता, आता जास्त झाला. आठ अटींमधली ‘वेळ’ दोन्ही बाजूंनी चुकू शकते, हे इथे पुन्हा दिसतं.

२००९च्या सुमारास १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर बाजारात आले, ते त्रिमितीय चष्म्यांसाठी. दोन डोळ्यांना आळीपाळीनं साठ-साठ चित्रं द्यायची होती. चष्म्यांचं वेड ओसरलं. खेळणाऱ्यांनी मात्र चष्मे फेकून १२० ठेवून घेतले. २०१२मध्ये १४४ आले. २०१३मध्ये ग्राफिक्स कार्ड जेव्हा चित्र देईल तेव्हाच पडदा बदलेल अशी सोय आली आणि विजेच्या तारेशी असलेलं जुनं नातं आणखी सैल झालं. पुढे २४०, ३६०, ५०० असे आकडे वाढत गेले.

या आकड्यांचा साधा हिशेब असा. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४वर ६.९. जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४वरून २४०ला गेलं की वाचतात जेमतेम २.८, आणि २४०वरून ३६०ला १.४. किंमत मात्र अशी घटत जात नाही. शिवाय तेवढी चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर मोठा आकडा खोक्यावरच राहतो.

सेटिंग बदलल्यावर भाचा म्हणाला, “मामू, अब सच में मक्खन.” मी म्हटलं, “मागच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास. आता परीक्षा घेऊ.” मी खोलीबाहेर गेलो. त्यानं नाणं उडवून ६० किंवा १४४ लावायचं, मी आत येऊन फक्त माउसचा बाण गोल फिरवायचा आणि ओळखायचं. दहा वेळा केलं. मग जागा बदलून त्याची दहा वेळा परीक्षा घेतली. बाण फिरवताना आम्ही दोघंही एकदाही चुकलो नाही. ६०वर बाणाच्या सुट्या सावल्या लांब लांब पडतात, १४४वर त्या दाट होतात. फरक खरा होता. मग हाच खेळ एक जुना सिनेमा लावून केला. तिथे दोघांचीही उत्तरं निम्मी बरोबर, निम्मी चूक. म्हणजे नाणं उडवून सांगितली असती तरी तेवढीच. मुळात २४ चित्रांचा सिनेमा, त्याला पडदा जास्तीचं काय देणार?

म्हणजे भाच्याचे पैसे वाया गेले नव्हते, आणि पहिल्या तीन आठवड्यांची तारीफही खरी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर सिद्ध झाल्या. इब्न अल-हैसमनं टॉलेमीवर शंका घेणारा ‘अश-शुकूक अला बतलमयूस’ हा ग्रंथ लिहिला. सत्य शोधणाऱ्यानं मोठ्या विद्वानांचं लिखाण शंका घेत वाचावं आणि ते तपासताना स्वतःच्या मनावरही शंका घ्यावी, असं तो त्यात सांगतो. त्याच्या नावानं फिरणारे मजकूर आपण न तपासता पुढे ढकलतो, ही त्याची सगळ्यात मोठी नाकद्री आहे.

त्या रात्री मी खानदानाच्या ग्रुपवर ‘कमरा’ची दुरुस्ती लिहिली आणि खाली भोवऱ्याची गोष्ट जोडली. दोघांनी अंगठा दिला. एका चाचांनी विचारलं, “मग आपलं काय राहिलं?” मी लिहिलं, “चाचा, भोवरा राहिला. तो खरा आहे.” त्या शाळेत मात्र अजून जायचं आहे. भाचा म्हणतो, तो सोबत येईल आणि मुलांसमोर रंगीत भोवरा फिरवून दाखवेल.