अद्भुताचा पंचनामा : डॉ. जयंत नारळीकर यांचे स्मरण

डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्या वेळी त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात वर्तमानपत्रांतून जे लिहिले गेले त्यात केंब्रिज, फ्रेड हॉइल, गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि विज्ञानकथा यांचा उल्लेख पुरेपूर होता, आणि तो योग्यच होता. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक उद्योग बहुतेकांनी दोन ओळींत आटोपला. आकाशातील ग्रह माणसाचे भवितव्य ठरवतात काय, आणि पृथ्वीबाहेरून काही सजीव आपल्याकडे येते काय, या दोन प्रश्नांची त्यांनी प्रत्यक्ष झडती घेतली, तो हा उद्योग होय. त्यांचे गणित आम्हांस कळते असा आमचा दावा नाही; आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण दावा कोणाचाही असो, तो तपासावा कसा, हे कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसास थोडेफार समजते. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. काशीहून १९५७ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, हॉइल यांचे शिष्य झाले आणि १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. १९६५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात, त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ साली ते विलायतेतील बस्तान आवरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था उभी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे ते २००३ पर्यंत संचालक होते. इतका तपशील पुरे. आमचा विषय पुढे आहे.

उडत्या तबकड्यांची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलेली असते. तिची सुरुवात २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत झाली. केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने रेनिअर पर्वताजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी त्यांना तबकड्या म्हटले आणि मग जगभर तबकड्या दिसू लागल्या. अमेरिकेच्या हवाईदलाने १९५२ पासून १९६९ पर्यंत 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने या बातम्यांची नोंद ठेवली. एकंदर १२,६१८ प्रकरणे तपासली गेली. बहुतेकांचा उलगडा शुक्र, उल्का, फुगे, विमाने व ढग यांत झाला. ७०१ प्रकरणे उलगडली नाहीत. हवाईदलाचे सल्लागार अ‍ॅलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ. ते या कामात शिरले ते अविश्वासाने, पण पुढे त्यांस वाटू लागले की न उलगडलेली प्रकरणे हसण्यावारी नेऊ नयेत. १९८६ साली वारेपर्यंत ते त्यांच्याच मागे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. न उलगडलेले प्रकरण म्हणजे परग्रहावरचा पाहुणा, असे होत नाही. पोलिसांना चोर सापडला नाही म्हणून चोरी भुताने केली असे आपण म्हणत नाही. शिवाय अंतराचा हिशेब आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली सुटलेले व्हॉयेजर यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते; त्या वेगाने तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. नारळीकर आपल्या कथा-कादंबऱ्यांतून परग्रहावरच्या बुद्धिमान प्राण्यांना खुशाल वावरू देत. 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' ही नावे वाचनालयात जाणाऱ्या सर्वांना ठाऊक आहेत. पण कथेत जी मोकळीक घ्यायची ती प्रयोगशाळेत घ्यायची नाही, ही वेस त्यांनी कधी ओलांडली नाही.

आकाशातून काही येते काय, हा प्रश्न त्यांनी टाकून दिला नाही. तो तपासता येईल इतका लहान केला. तबकडी शोधण्याऐवजी त्यांनी जंतू शोधला. हॉइल आणि श्रीलंकेत जन्मलेले चंद्र विक्रमसिंघे यांचे म्हणणे असे होते की जीवसृष्टीचे बीज अंतराळातून धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर आले, व अजूनही येत असावे. बहुतेक शास्त्रज्ञांस ते पटत नव्हते. नारळीकरांनी विचार केला की खरेच येत असेल तर वातावरणाच्या वरच्या थरात, जेथे जमिनीवरची धूळ सहसा पोचत नाही, तेथे ते सापडायला हवे. २००१ च्या जानेवारीत हैदराबादेहून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी दुसरा सोडला. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. वर गेल्यावर त्यांची तोंडे दुरून उघडायची, तेथली हवा आत गोठवून घ्यायची आणि तोंडे बंद करायची. २० पासून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा अशी खाली आणली. तिची तपासणी एकाच ठिकाणी केली नाही. काही नमुने हैदराबादच्या संस्थेकडे, काही पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे दिले.

दुसऱ्या खेपेस जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जीवाणूंपैकी तीन जाती अगदी नव्या होत्या, आणि अतिनील किरणांस त्या आपल्या जवळच्या भाईबंदांहून अधिक दाद देईनाशा होत्या. एकीला हॉइल यांचे, दुसरीला इस्रोचे आणि तिसरीला आर्यभटाचे नाव दिले. येथे दुसरा कोणी असता तर 'आकाशातून जीव आला' अशी डांगोरी पिटली असती. २००९ साली निकाल जाहीर झाला तेव्हा सांगण्यात आले ते एवढेच की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. शोध पुढे चालवण्यास मात्र आधार मिळतो. पुढे आर्यभटाच्या नावाचा जीवाणू शेतातल्या मातीतही आढळू लागला. म्हणजे जपून बोलणेच बरोबर ठरले. ज्या गुरूच्या मतासाठी फुगा सोडला, त्याच्याच मताला पुरावा अपुरा आहे असे म्हणावे लागले, आणि ते म्हटले गेले. आम्हांस यात मोठेपणा दिसतो.

आता दुसरी झडती, आणि ती आपल्या घरातली आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने विद्यापीठांतून फलज्योतिष शिकवण्याचे ठरवले, तेव्हा नारळीकरांनी उघड विरोध केला. येथे आकाशाचे गणित आणि माणसाचे फल यांत फरक केला पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाहावा. ग्रहगणितात आपल्या पूर्वजांनी केवढे काम केले ते त्यात मराठीत मांडले आहे. ग्रहण केव्हा लागेल ते सांगणारे गणित दर ग्रहणाला परीक्षा देते. मुलगी सासरी सुखी होईल काय हे सांगणारे फल मात्र अशी परीक्षा देत नाही.

ती परीक्षा पुण्यात २००८ साली घेतली गेली. नारळीकरांबरोबर पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष जाणणारे प्रकाश घाटपांडे होते. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून हिंडून १०० हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळा पालकांकडून मिळवल्या. संगणकावर कुंडल्या मांडल्या, त्यांवर नावाऐवजी खुणेचे क्रमांक घातले आणि ते संख्याशास्त्र विभागात बंदोबस्ताने ठेवले. कोणती कुंडली कोणाची हे पाठवणाऱ्यास ठाऊक नाही आणि घेणाऱ्यासही नाही, अशी व्यवस्था केली. मग वर्तमानपत्रांतून ज्योतिष्यांना आवाहन केले : प्रत्येकास ४० कुंडल्या देतो, मूल हुशार की अपंग एवढेच सांगा.

५१ जणांनी कुंडल्या मागवल्या. २७ जणांनी उत्तरे धाडली. नाणे उडवून छापाकाटा केला तरी चाळिसांत सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. ज्ञान आहे असे म्हणायला निदान २८ बरोबर यावीत, असे आधीच ठरले होते. सर्वांत चांगला निकाल २४ चा, तोही एकाचा; दोघांचे २२; उरलेले चोवीस जण २० किंवा त्याखाली. सरासरी नाण्याच्याही खाली गेली. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या मागवून घेतल्या; तिची १०२ उत्तरे बरोबर आली. मार्च २००९ मध्ये हा निकाल 'करंट सायन्स'मध्ये छापला गेला.

या प्रयोगावर आक्षेप निघाले नाहीत असे नाही. बुद्धी ही पत्रिकेतली एक बाब, बाकीचे काय, असे विचारता येईल. प्रश्न रास्त आहे. ज्यास पत्रिकेत विवाह किंवा आयुष्य दिसते त्याने आपल्या दाव्याची अशीच परीक्षा मांडावी. रीत कशी असावी हे आता छापून ठेवलेले आहे. आम्हांस या प्रयोगात सर्वांत आवडते ते हे की त्यात कोणाची टिंगल नाही. ज्योतिष्यास खोटारडा म्हटले नाही, पत्रिका पाहणाऱ्यास अडाणी म्हटले नाही. कामाचा नमुना द्या, मोजून घेतो, एवढेच म्हटले. आमच्या कसब्यातील तांबट आळीत हीच पद्धत आहे. हंडा मठारून झाला की कारागिराच्या घराण्याची कीर्ती कोणी विचारत नाही. पाणी भरून ठेवतात. गळला तर गळला.

कोणी म्हणेल, संघटनेच्या माणसाला याचे काय? उत्तर अनुभवाचे आहे. कित्येक वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला एकाच यंत्रावर थोड्या अंतराने दोघांची बोटे गेली. जागा वाईट आहे, तेथे पूर्वी एकजण मेला होता, अशी बोलवा उठली. मालकाने तत्परतेने शांत करवली, नारळ फोडला, पेढे वाटले. कामगारही समाधानी दिसले. आम्ही अपघाताचे रजिस्टर मागितले. दोन्ही अपघात पहाटे तीन ते पाच यांमधले, दोन्ही सलग जादा पाळीनंतरचे, आणि यंत्रावरची संरक्षक जाळी कधीची काढून ठेवलेली. जाळीला खर्च होता. शांतीला त्याहून कमी. भुताच्या अंगावर जबाबदारी घातली की जिवंत माणसावरची उतरते, आणि भूत काही लेबर ऑफिसात हजर राहत नाही. जाळी बसली, जादा पाळी आटोक्यात आली. त्यानंतर आम्ही तेथे होतो तोवर भूत कोणास दिसले नाही.

घरोघरी हीच गोष्ट वेगळ्या रूपाने चालते. मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला की बापाची मान खाली जाते आणि देण्याघेण्याची बोली वर जाते. मंगळ कोट्यवधी मैल दूर; त्याच्या नावावर वसुली मात्र इथल्या माणसाची. ज्याची कधी परीक्षा झाली नाही अशा दाव्याची किंमत नेहमी दुबळ्या बाजूसच मोजावी लागते. म्हणून परीक्षा मागणे हा केवळ विद्वानांचा षोक नाही.

आणि परीक्षा मागणे हे निर्धास्तपणे करायचे कामही राहिलेले नाही. त्या प्रयोगातील डॉ. दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरावयास गेले असता ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालण्यात आल्या. ती जागा कसब्यापासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांत निघाला, आणि डिसेंबरात कायदा झाला. खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. शनिवारवाड्यात नारायणरावांची हाक ऐकू येते असे आपल्याकडे मुलांना सांगतात. तो खून १७७३ चा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या हाकेचे नवल करणाऱ्या शहराने पुलावरच्या त्या सकाळचा विसर पडू देऊ नये.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर चित्र अपुरे राहील. नारळीकर हे बहुमताचे पाईक नव्हते. विश्व एका महास्फोटातून निघाले हे मत जगभर रूढ झाल्यावरही ते त्याच्या विरुद्ध उभे राहिले. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपला वेगळा सिद्धांत पुन्हा नव्याने मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो मानला नाही. तेव्हा 'शास्त्रज्ञ नव्या गोष्टीला दारच उघडत नाहीत' ही तक्रार निदान या माणसाविरुद्ध चालणार नाही. वेगळे मत बाळगण्याचा हक्क त्यांनी स्वतः बजावला, ज्योतिष्यासही दिला. फक्त त्या हक्काबरोबर परीक्षेस बसण्याचे कर्तव्य येते, हे त्यांनी दोघांनाही सारखेच लागू केले.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर येईल, त्याखाली सही असेल. या शहरात अशी कितीतरी पोस्टकार्डे जपून ठेवलेली असतील. ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी ती आपल्या मुलांना दाखवावीत, आणि उत्तराइतकेच मुलाने विचारलेल्या प्रश्नाकडेही बोट करावे. पुढच्या वेळी घरात पत्रिका उघडली जाईल, कारखान्यात जागा वाईट असल्याची बोलवा उठेल किंवा गच्चीवरून कोणास चमकती तबकडी दिसेल, तेव्हा 'हे मोजायचे कसे?' असे कोणीतरी विचारायला हवे. तेवढे घडले तर डॉ. नारळीकरांचे स्मरण झाले असे आम्ही समजू.