आठ लाखांची निवृत्ती : वसई ते बिठूर

१.
वय वर्षे ४३. वार्षिक निवृत्तिवेतन ८ लाख रुपये. राज्यकारभाराची जबाबदारी शून्य. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली मुदतपूर्व निवृत्ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची होय. ती स्वार्थी होती का? या प्रश्नाचा शोध पुण्यापेक्षा वसईतून सुरू करणे अधिक योग्य ठरते. #इतिहास #धागा

२.
वसई म्हटले की प्रथम आठवतो तो मे १७३९ चा विजय आणि चिमाजी अप्पा. हजारो माणसे खर्ची घालून तो किल्ला मिळाला. रणात पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी मराठी राज्यात सरकारातून नेमणूक करून देण्याची रीत होती. तिला 'बालपरवेशी' म्हणत. म्हणजे निवृत्तिवेतनाची कल्पना येथे परकी नव्हती. तिचा आधार होता सेवा, आणि तिचा मानकरी होता मागे राहिलेला.

३.
त्यानंतर ६३ वर्षांनी त्याच वसईत वेगळाच व्यवहार झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. २७ वर्षांचे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि डिसेंबरात इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तह झाला.

४.
तहाची कलमे प्रसिद्ध आहेत. कंपनीची किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज कायम बाळगायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि इतर सत्तांशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलणी करायची नाहीत. १३ मे १८०३ रोजी बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले. शिंदे आणि भोसले यांना न विचारता झालेल्या या तहाची किंमत पुढे त्यांनी रणांगणावर मोजली.

५.
या तहानंतर पहिले मोठे निवृत्तिवेतन मिळाले ते बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव यांना. होळकरांच्या पाठिंब्याने त्यांनी पुण्याचा कारभार हाती घेतला होता. १८०३ मध्ये कंपनीने त्यांना वार्षिक ७ लाख देऊन बाजूला केले आणि ते बुंदेलखंडात कर्वी येथे स्थायिक झाले. लढाईपेक्षा निवृत्तिवेतन स्वस्त पडते, हा हिशेब कंपनीला चांगला जमला होता.

६.
आता १८१८ कडे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीस बापू गोखले धारातीर्थी पडले. १० मे रोजी रायगड पडला, तेव्हा बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावरच होत्या. स्वतः बाजीराव काही हजार माणसांसह असीरगडाच्या परिसरात पोहोचले होते. पावसाळा तोंडावर होता आणि फौजेचा पगार थकला होता.

७.
३ जून १८१८ रोजी ते जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. अटी अशा : स्वतःचा आणि वारसांचा पुण्याच्या राज्यावरील हक्क सोडायचा, दक्षिणेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. त्यांनी ही व्यवस्था 'स्वखुशीने' स्वीकारल्यास स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांना किमान ८ लाखांचे निवृत्तिवेतन मिळेल. यातील 'कुटुंब' हा शब्द लक्षात ठेवावा. पुढचे सारे भांडण त्यावरच झाले.

८.
गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. माल्कमचा युक्तिवाद असा की, ऐन पावसाळ्यात मोहीम लांबली तर तिचा खर्च कितीतरी अधिक होईल. अखेर हेस्टिंग्जने दिलेला शब्द पाळला. कंपनीच्या दृष्टीने हे केलेल्या सेवेचे वेतन नव्हते. एका माणसाने यापुढे काही करू नये, यासाठी दिलेला तो मोबदला होता.

९.
स्वार्थाचा आरोप येथे टोकदार होतो. शरण आल्यावर काही दिवसांतच थकलेल्या पगारासाठी अरब शिपायांनी बाजीरावांच्या तंबूला वेढा घातला. ज्यांच्या बळावर ते तिथवर पोहोचले, त्यांचा हिशेब बाकीच होता. त्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे त्याच वर्षी पकडले गेले आणि १८२९ मध्ये चुनारच्या कैदेत वारले. धनी बिठूरला, चाकर चुनारला. दोन्ही गावे गंगेच्याच काठी.

१०.
दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जून १८१८ मध्ये युद्ध हातचे गेले होते. लढत राहणे म्हणजे आणखी काही हजार माणसे मरणाच्या तोंडी देणे. शिवाय आपल्यापायी उद्ध्वस्त झालेले जहागीरदार आणि जुने सेवक, तसेच पेशव्यांच्या आश्रयावर चालणारी देवस्थाने यांचा विचार व्हावा, अशीही तरतूद त्याच अटींत होती. माणसे अगदीच विसरली गेली होती, असे म्हणता येत नाही.

११.
कानपूरजवळचे बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त, हे पुढे एक छोटे पुणेच झाले. शेकडो मराठी घरे तेथे वसली आणि हजारोंचा निर्वाह त्या ८ लाखांवर होऊ लागला. बाजीरावांचे बंधू, दुसरे चिमाजी अप्पा, काशीत राहत. त्यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे नंतर आपल्या मुलीला घेऊन बिठूरलाच आले. ती मुलगी म्हणजे पुढील काळातील झाशीच्या राणी लक्ष्मीबाई.

१२.
बाजीरावांनी अट कधी मोडली नाही. पहिल्या अफगाण युद्धात कंपनीची तिजोरी ओढगस्तीत असताना त्यांनी ५ लाखांचे कर्ज दिले. शीख युद्धाच्या वेळी फौज उभी करून देण्याची तयारीही दाखवली. २८ जानेवारी १८५१ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी ते वारले. गादीवर ते सुमारे २१ वर्षे होते. निवृत्तिवेतन त्यांनी ३२ वर्षांहून अधिक काळ घेतले.

१३.
१८२७ मध्ये दत्तक घेतलेल्या नानासाहेबांनी निवृत्तिवेतन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. डलहौसीचे उत्तर कोरडे होते : बाजीरावांना एकूण २५ लाख पौंडांहून अधिक मिळाले, त्यांच्यावर कसलाच भार नव्हता, औरस पुत्र नाही आणि मागे २८ लाखांची मालमत्ता आहे, तेव्हा इतरांचा काहीही हक्क उरत नाही.

१४.
नानासाहेबांचे म्हणणे कायद्याला धरून होते. हक्क सोडताना वारसांचे नाव घेतले होते. मग मोबदला एकट्याचाच कसा? शिवाय अटीत 'स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी' असे स्पष्ट म्हटले होते. हे गाऱ्हाणे घेऊन अझीमुल्ला खान १८५३ मध्ये लंडनला गेले. कंपनीच्या संचालकांनी ते फेटाळले. १८५७ ची कारणे अनेक आहेत. बिठूरच्या वाड्यातील कारणांत हे एक ठळक होते.

१५.
मग निवाडा काय? बाजीरावांच्या स्वार्थाचे ठिकाण बिठूरपेक्षा वसईत अधिक स्पष्ट दिसते. १८०२ मध्ये त्यांच्या हाती राज्य होते आणि त्याचे स्वातंत्र्य त्यांनी आपल्या गादीसाठी दिले. १८१८ मध्ये देण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. लवकर थांबणे हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. दोष असा की, ज्या रकमेवर हजारो चुली पेटत, ती आपल्या श्वासाशी बांधलेली आहे की नाही, हे त्यांनी करारात कधीच पक्के करून घेतले नाही. हयातीत त्यांनी विनंती केली. कंपनीने विचार पुढे ढकलला आणि दिवस गेले.

१६.
सरकारची बाजूही येथेच उघडी पडते. मेहेरबानी म्हणून दिलेले निवृत्तिवेतन सरकारच्या सोयीने थांबते. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याने तर असे दावे जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय दिवाणी न्यायालयात चालवण्यासही मनाई केली. ब्रिटिश सत्ता गेली; पण 'हा हक्क की उपकार?' हा प्रश्न स्वतंत्र भारतातही उरला.

१७.
१९६४ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी कुटुंबनिवृत्तिवेतन योजना आली. नानासाहेब ज्या शब्दावर भांडले, तो आता योजनेच्या नावातच होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निवृत्तिवेतन ही मालकाची कृपा नसून पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. आजही हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

१८.
वाद संपलेला नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी योजना लागू राहिली नाही. त्याच मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी संपावर गेले. कोणी विसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली की आजही 'स्वार्थी' हा शब्द सहज उच्चारला जातो. निवृत्तीचे वय मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : मिळणारे वेतन केलेल्या कामाचे आहे की गप्प बसण्याचे? आणि माणूस गेल्यावर घरातल्यांचे काय?

१९.
पहिल्या प्रश्नावर बाजीराव अनुत्तीर्ण होतात आणि दुसऱ्यावर कंपनी. बालपरवेशी घेणाऱ्या एखाद्या अनाम शिपायाचे घर मात्र दोन्हींत उत्तीर्ण होते. वसईच्या तटावर उभे राहिल्यावर चिमाजी अप्पांच्या विजयासोबत ही घरेही आठवावीत. राज्याने शब्द कोणाला दिला होता, हे त्यांच्यावरून कळते.