वरचा मजला कुणाचा?

परवा लातूरच्या एका अपार्टमेंटमधून ओळखीच्या काकांचा फोन आला. गच्चीवरून बिल्डरशी कित्येक वर्षं कोर्टबाजी चालली होती, आता तडजोड झालीय. रविवारी सभा, विषय एकच : वर अजून दोन मजले चढू द्यायचे, की उंची आहे तिथंच ठेवायची? मजले चढले तर नवी लिफ्ट आणि रंगरंगोटी फुकट. "भाऊ, तुम्ही पेपरवाले, सांगा बरं काय करावं?"

काकांना फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न आज ना उद्या येणार.

मुंबईत भुलाभाई देसाई रोडवर प्रतिभा नावाची सोसायटी होती. इमारत 36 मजल्यांची. एफएसआयपेक्षा सुमारे 24 हजार चौरस फूट बांधकाम जास्त निघालं आणि 1984 मध्ये महापालिकेनं वरचे आठ मजले पाडायला सांगितलं. आता खरी गंमत बघा. सोसायटीकडून प्रस्ताव गेला, की वरून नको, इमारतीचा उभा भाग पाडू. म्हणजे भांडण नुसतं महापालिकेशी राहिलं नाही, नुकसान कुणाच्या अंगावर टाकायचं हाही प्रश्न झाला. वरून पाडलं तर वरच्यांचे फ्लॅट जाणार, उभं पाडलं तर एका बाजूच्यांचे. प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1991 मध्ये सोसायटी तिथं हरली.

दुसरं उदाहरण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं. वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड. परवानगी पाच मजल्यांची होती. 1980 च्या दशकात बांधत बांधत एक इमारत 17 वर गेली, एक 20 वर. मधे काम थांबवायची नोटीसही आली होती, बांधकाम चालूच राहिलं. 27 फेब्रुवारी 2013 ला सुप्रीम कोर्टानं पाचव्याच्या वरचं सगळं बेकायदा ठरवलं. नोव्हेंबरात पथक गेट तोडून आत शिरलं, मग कोर्टानंच 31 मे 2014 पर्यंत मुदत दिली. पुढं जूनमध्ये वीज-गॅस तोडायला माणसं आली. एकाच जिन्यानं चढणारी माणसं, पाचव्यावरचा कायदेशीर आणि सहाव्यावरचा बेकायदेशीर! पैसे दोघांनीही मोजलेले.

"ते मुंबईचं झालं, आपल्याकडं कोण बघतंय," असं काका म्हणाले. कोण बघतंय म्हणता? 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण विसरलो का? आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदाखाली. तेव्हा किल्लारी भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होती. 2002 ला नकाशा बदलला, तो पट्टा झोन तीनमध्ये गेला. त्यामुळं ज्या इमारतीचे कॉलम त्याआधीच्या हिशेबानं भरलेत, तिच्यावर दोन मजले ठेवणं ही नुसती कागदाची गोष्ट राहत नाही. नांदेड झोन दोनमध्ये, म्हणून तिकडच्या मंडळींनी लगेच निर्धास्त होऊ नये. किल्लारीलाही कधी काळी निर्धास्तच म्हटलं होतं.

कायदा रहिवाशांच्या बाजूनं आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 1963 च्या मोफा कायद्यानं, घेणाऱ्याला दाखवलेल्या आणि मंजूर झालेल्या नकाशाबाहेर जादा बांधकाम करायचं तर फ्लॅटधारकांची आधी संमती लागते. अडचण एवढीच, की बिल्डर खरेदीखतातच कुठंतरी बारीक अक्षरात ती संमती आधीच लिहून घेतो आणि आपण सही करतो. मीसुद्धा केली होती, चष्मा घरी विसरून.

काकांना मी एवढंच म्हणालो, की सभेत लिफ्टची चर्चा शेवटी ठेवा. आधी बिल्डरकडून तीन कागद मागा : सुधारित मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला, ज्यात नवे मजले जुने कॉलम पेलतील असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहिलंय.

"आणि त्यानं दिले तर?"

तर चौथ्या मजल्यावरच्या जोशीबुवांना विचारा, म्हटलं, गच्ची गळायला लागल्यावर सगळ्यात आधी कुणाच्या घरात पाणी आलं होतं. काका हसले. रविवारी सभा झाली की काय ठरलं ते इथंच सांगतो.