जन्मजात संशयित

अमेरिकेतील आजच्या चेरोकी समाजात घडणारी एक खुनाची कादंबरी परवा नगरला वाचली. मेलेला चेरोकी, शोध करणारा चेरोकी, संशयितही चेरोकीच! तेव्हा संशय घ्यायचा तो करणीवरून, जातीवरून नव्हे.

पुस्तक मिटले आणि आमच्या जिल्ह्यातील पारधी आठवले. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरता आले. जमातीचे नाव यादीत चढले की माणसाने हजेरी द्यावी, परवान्याशिवाय गाव सोडू नये. गुन्हा कोणी केला, हा प्रश्नच उरला नाही. उत्तर आधीच छापलेले! १९५२ साली कायदा गेला. शिक्का मात्र राहिला.

लहानपणी आमच्या वाड्यात चोरी झाली. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा रात्र रात्र वाचणारा मी सकाळी बेधडक म्हणालो, “पारध्यांचेच काम!” लोक त्यांच्या पालांवर धावले. पुढे चोर घरचाच निघाला. पालांवर जाऊन क्षमा मागायला मात्र कोणी गेले नाही, मीही नाही.

शेवटच्या पानापर्यंत कोणाला गुन्हेगार म्हणू नये, हे रहस्यकथेचे पहिले सूत्र. इतकी पुस्तके वाचूनही ते मला कळले नव्हते.