मलांजखंडचे मॉलिब्डेनाइट : अडीच अब्ज वर्षांचे घड्याळ

मध्य प्रदेशातील मलांजखंड हे नाव देशाला परिचित आहे ते तांब्यामुळे. भारतातील सर्वांत मोठी खुली तांबेखाण तेथे आहे. परंतु या तांब्याच्या जोडीने, अत्यल्प प्रमाणात, आणखी एक खनिज त्याच खडकात दडलेले आहे : मॉलिब्डेनाइट. ज्या खनिजासाठी कोणी स्वतंत्र खाण खोदली नसती, त्यानेच मध्य भारताच्या भूइतिहासातील एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्याची ही हकीकत.

मलांजखंड बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पठारावर वसले आहे. भोवती मैकल रांगांचे डोंगर, बैगा आणि गोंड समाजाची गावे आणि कान्हाच्या अरण्याचा शेजार. आपल्या गोंदियाला लागून असलेला हा जिल्हा भूशास्त्रीय दृष्ट्याही विदर्भाचा सोयरा आहे. बस्तर क्रेटॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या प्राचीन भूखंडावर भंडारा आणि गडचिरोली उभे आहेत, त्याच्याच उत्तर सीमेजवळ मलांजखंडचा ग्रॅनाइट आहे. या ग्रॅनाइटमधून धनुष्याकृती वळण घेत गेलेली, दोन किलोमीटरहून अधिक लांबीची गारगोटीची भिंत एके काळी टेकडीच्या रूपाने दुरूनच नजरेत भरे.

या टेकडीत तांबे असल्याचा उल्लेख ब्रिटिशकालीन नोंदींतही सापडतो. मात्र अशा आडवळणाच्या मुलखात पद्धतशीर शोध सुरू होण्यास १९६९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तेथे शोधकार्य हाती घेतले, आणि वेधन करून काढलेल्या खडकांच्या नळकांड्यांनी पृष्ठभागाखालील साठ्याचा विस्तार उघड केला. १९८२ मध्ये हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची खाण कार्यान्वित झाली. टेकडीच्या जागी आता प्रचंड खड्डा आहे, आणि त्याच्याही तळाखाली भुयारी खाणकाम आरंभले गेले आहे.

मॉलिब्डेनाइट हे मॉलिब्डेनम आणि गंधक यांचे संयुग. रंगाने शिशासारखे, स्पर्शाला तेलकट, इतके मऊ की कागदावर रेघ उमटते. त्यामुळे शतकानुशतके लोकांनी त्याला ग्रॅफाइट किंवा शिशाचे धातुक समजले. शिशासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले. १७७८ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते निराळे असल्याचे दाखवले आणि १७८१ मध्ये येल्म याने त्यातून धातू वेगळा केला. मलांजखंडला हे खनिज गारगोटीत आणि भोवतालच्या ग्रॅनाइटमध्येही आढळते.

साठा सापडला, पण तो निर्माण कसा झाला, यावर मतभेद झाले. जगातील तांब्याचा आणि मॉलिब्डेनमचा फार मोठा वाटा पॉर्फिरी प्रकारच्या साठ्यांतून येतो. जमिनीखाली काही किलोमीटरवर थिजणाऱ्या शिलारसातून उष्ण द्रव बाहेर पडतात, खडक तडकतो आणि असंख्य बारीक शिरांमध्ये धातुके साचतात. असे साठे उथळ असल्याने कालौघात झिजून नाहीसे होतात, म्हणूनच ज्ञात पॉर्फिरी साठे बहुतांशी भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण आहेत. मलांजखंडचा खडक अतिप्राचीन, आणि धातुक विखुरलेल्या शिरांऐवजी मुख्यतः एका अजस्र गारगोटीत एकवटलेले. मग याला पॉर्फिरी म्हणावे काय? १९९७ मध्ये खरगपूरच्या पाणिग्रही आणि मुखर्जी यांनी, ग्रॅनाइटशी नाते असलेल्या पण तुलनेने कमी तापमानाच्या द्रवांतून हे खनिजीभवन झाले, असे मांडले. २००२ मध्ये सिक्का आणि नेहरू यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न केला : हा पॉर्फिरी साठा नव्हे काय?

या वादात साक्षीला उभे राहिले मॉलिब्डेनाइट. स्फटिक घडताना हे खनिज रेनियम हे मूलद्रव्य सहज सामावून घेते, ऑस्मियम मात्र जवळजवळ घेतच नाही. रेनियम-१८७ चे अत्यंत संथ गतीने ऑस्मियम-१८७ मध्ये रूपांतर होते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ४,१६० कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या नऊपट. स्फटिकात आज सापडणारे ऑस्मियम जणू घड्याळातून गळलेली वाळू. ती मोजली की स्फटिकाचा जन्मकाळ कळतो. होली स्टाइन, जादवपूर विद्यापीठाचे एस. सी. सरकार आणि सहकाऱ्यांनी मलांजखंडच्या मॉलिब्डेनाइटचे असे मोजमाप २००४ मध्ये प्रसिद्ध केले. उत्तर आले सुमारे २४९ कोटी वर्षे. ग्रॅनाइटमधील झिरकॉन स्फटिकांचे वयही याच्याशी जुळणारे निघाले. गारगोटीची भिंत फार उशिरा, कुठल्यातरी निराळ्या घडामोडीत आली असावी, ही शक्यता त्यामुळे मागे पडली. ग्रॅनाइट आणि धातुके एकाच कालखंडाची अपत्ये ठरली.

वयाचा प्रश्न सुटला, प्रकाराचा वाद मात्र शमलेला नाही. स्टाइन यांच्या गटाने साठ्याला पॉर्फिरी म्हटले. इतरांना ते सर्वस्वी मान्य नाही. हा केवळ नामकरणाचा खल नाही. साठा पॉर्फिरी असेल, तर भोवतालच्या ग्रॅनाइटमध्ये दूरवर विखुरलेल्या धातूचा शोध घेणे सयुक्तिक ठरते. एकट्या गारगोटीचा असेल, तर शोधाची दिशा आणि व्याप्ती दोन्ही बदलतात.

आणि देशाला मॉलिब्डेनम हवे आहे. कणखर पोलाद, तेलशुद्धीकरणातील उत्प्रेरके, रुग्णालयांतील निदानासाठी लागणारे टेक्नेशियम या साऱ्यांच्या मुळाशी हा धातू आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत त्याचा समावेश आहे. तरीही केवळ मॉलिब्डेनमसाठी चालणारी एकही खाण भारतात नाही. तमिळनाडूतील हरूर-उत्तंगराई पट्ट्यातील साठे दीर्घकाळ ज्ञात असूनही तेथे खाण उभी राहिलेली नाही.

अशा वेळी मलांजखंडकडे दुहेरी दृष्टीने पाहावे लागते. तेथून निघणारा प्रत्येक दगड हे धातुक आहे, तसाच तो एक दस्तऐवजही आहे. सुरुंगाने फोडून भरडलेल्या खडकाचे वय पुन्हा मोजता येत नाही, त्यातील शिरांची मांडणी पुन्हा पाहता येत नाही. म्हणून वेधनातून निघालेली नळकांडी आणि खोलीनुसार घेतलेले नमुने जपून ठेवणे, संशोधकांना ते खुले करणे, हे धातू काढण्याइतकेच अगत्याचे आहे. टेकडी गेली, तिचा इतिहास तरी राहावा.