अहमदाबादच्या पोळमधली हवेली : तिथला मुक्काम नेमका कसा असतो?

अहमदाबादला जाणारे बहुतेक पर्यटक साबरमतीच्या पश्चिमेला, नव्या शहरातल्या हॉटेलात उतरतात. नदीच्या पूर्वेला जुनं शहर आहे. तिथल्या काही लाकडी हवेल्यांमध्ये आता मोजक्या खोल्यांची छोटी हॉटेलं चालतात. हॉटेलपेक्षा ते कुणाचं तरी घर वाटतं, कारण मुळात ते घरच असतं.

पोळ म्हणजे काय?

अहमदशहाने १४११ मध्ये हे शहर वसवलं. पुढे एकाच जातीची किंवा व्यवसायाची कुटुंबं एका वेशीच्या आत गल्ली करून राहू लागली. ती गल्ली म्हणजे पोळ. रात्री वेस बंद केली की आतली वस्ती सुरक्षित. अठराव्या शतकात या शहरावर पेशवे आणि गायकवाडांचीही सत्ता होती. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा दर्जा दिला. हा मान मिळवणारं ते भारतातलं पहिलं शहर.

हवेली आतून कशी असते?

दर्शनी भाग अरुंद, पण घर आत खोलवर जातं. मधोमध उघडा चौक असतो. पुण्याच्या वाड्यासारखाच तो उजेड आणि हवा आत आणतो. अनेक घरांत चौकाखाली टांकं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा हौद असतो. बाहेर बसायला ओटा आणि कोरीव लाकडी खांब असतात.

गैरसोयी कोणत्या?

– गाडी बहुतेक वेळा पोळच्या तोंडापर्यंतच येते. पुढे सामान हातात.
– जिने उभे आणि अरुंद असतात. लिफ्टची अपेक्षा नको. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर तळमजल्यावरची खोली मागावी.
– लाकडी तक्तपोशीमुळे वरच्या मजल्यावरची पावलं खाली ऐकू येतात.
– एकाच घरातल्या खोल्याही सारख्या नसतात. फोटो त्याच खोलीचा आहे का, ते विचारावं.
– १४ जानेवारीच्या उत्तरायणला पतंगांसाठी पोळमधल्या गच्च्या भाड्याने जातात. खोली बरीच आधी ठरवावी.

फायदा काय? माणेक चौक पायी गाठता येतो. तिथे दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली असते. जामा मशीदही जवळच आहे.

हे हॉटेल का महत्त्वाचं?

अनेक कुटुंबं नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मागे राहिलेल्या हवेलीचे वारस अनेक, दुरुस्ती महाग आणि जुनं लाकूडकाम जाणणारे सुतार थोडे. मग घर पडतं किंवा त्याचं गोदाम होतं. पाहुण्यांच्या भाड्यातून छप्पर आणि खांबांचा खर्च निघाला, तर घर टिकतं.

याची दुसरी बाजूही आहे. शेजारची घरं अजून नांदती आहेत. पोळमधली प्रत्येक हवेली हॉटेल झाली, तर दर्शनी कोरीवकाम राहील, पण ओट्यावर बसणारी माणसं राहणार नाहीत. म्हणून रात्री गल्लीत आवाज कमी ठेवणं आणि कुणाच्या ओट्यावर फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारणं, एवढं पाहुण्यांनी पाळायलाच हवं. युनेस्कोची पाटी शहराला मिळाली असली, तरी पोळ जिवंत ठेवली आहे ती तिथे राहणाऱ्यांनी.